हक्काचे दप्तर

मुंबईत 1847 साली एका खोजा कुटुंबातील मुलींनी बापाच्या इस्टेटीत आपला वाटा मागणारा दावा गुदरला, तेव्हा त्यांनी पुढे केलेला आधार कुराणातील वारसाहक्काचाच होता. आणि तो दावा फेटाळताना न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी जे प्रतिपादन केले त्याचे तात्पर्य असे की, धर्मग्रंथाची आज्ञा काहीही असो, खोजे आणि मेमण या जमातींचा पिढीजात रिवाज मुलींना वारसा न देण्याचा असल्याचे शाबीत झाले आहे, आणि शाबीत झालेल्या रिवाजापुढे ग्रंथाचे चालत नाही. मुसलमान स्त्रीने शरियतप्रमाणे मागावे आणि तिच्याच जमातीतील पुरुषांनी, शरियत आम्हांला लागू नाही असे शपथेवर सांगून ते मोडून काढावे, हा प्रसंग आजच्या वाचकाला काहीसा उलटा वाटेल. आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा शाहबानूपासून सुरू होते आणि तोंडी तलाकापाशी येऊन थांबते, म्हणूनच मी मुद्दाम त्या जुन्या निकालापासून आरंभ केला आहे.

मुसलमान स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास वाचू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. कायदा कधी कृपण होता, कधी अनपेक्षितपणे उदार होता. परंतु कायदा आणि ती स्त्री यांच्यामधले अंतर बहुतेक काळ एकाच जातीचे राहिले. कागद कोणाच्या पेटीत आहे, तो वाचणारा कोण, त्याचा अर्थ सांगणारा कोण, आणि तो घेऊन कचेरीची पायरी चढण्यास तिला घरातून मोकळीक देणारा कोण, या प्रश्नांवरच तिच्या हक्काचे भवितव्य ठरत आले. कायद्याच्या कलमांचा इतिहास सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. या कागदाचा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनीच गोळा करावा लागतो.

खोजा मुलींचा तो दावा बुडाल्यानंतर नव्वद वर्षांनी, 1937 साली, शरियत लागू करणारा कायदा मध्यवर्ती विधिमंडळात संमत झाला. त्याच्या उद्देशपत्रिकेत रिवाजी कायद्याखाली मुसलमान स्त्रीची जी स्थिती होते ती लाजिरवाणी असल्याचे म्हटले होते, आणि मुस्लिम महिला संघटनांनी त्या रिवाजाचा निषेध केल्याचाही उल्लेख होता. आज ज्या कायद्याकडे सुधारणेच्या वाटेतील धोंड म्हणून पाहिले जाते, तो जन्मला तेव्हा स्त्रियांच्या वारशाचे साधन म्हणून मिरवत होता, हे विसरता कामा नये. अर्थात त्यातून शेतजमीन वगळण्यात आली होती. म्हणजे ज्या देशात संपत्ती या शब्दाचा अर्थच मुख्यतः जमीन असा होता, तेथे मुलीला दिलेल्या हक्कातून नेमकी जमीनच काढून घेण्यात आली. कायदे करणारांचे औदार्य पुष्कळदा असे कुंपणापाशी येऊन थांबते.

त्यानंतर दोनच वर्षांनी झालेला 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा याहून अधिक मनोवेधक आहे. हनफी मतानुसार स्त्रीला काझीकडून विवाह मोडून घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद होता. तेव्हा बेपत्ता किंवा निर्दय नवऱ्याच्या बंधनातून सुटण्यासाठी काही स्त्रिया धर्मांतर करू लागल्या, कारण धर्म सोडला की विवाह आपोआप तुटतो असे मानले जाई. या संकटाने उलेमांची झोप उडविली. देवबंदी परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आश्रय घेऊन स्त्रीला न्यायालयाद्वारे मुक्त होता यावे असा मार्ग दाखविला, आणि त्या विचाराच्या पायावर विधेयक उभे राहिले. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे त्याने पोषण केले नसेल, सात वर्षांची कैद झाली असेल, तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये टाळली असतील किंवा तो क्रूरपणे वागत असेल, तर स्त्रीला दिवाणी न्यायालयातून फारकत घेता येते. शिवाय पंधराच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीला, संसार सुरू झाला नसल्यास, अठरा पुरी होण्यापूर्वी ते लग्न नाकारता येते. धर्मांतराने विवाह आपोआप मोडणार नाही, हेही त्याच कायद्याने सांगून टाकले. म्हणजे पळवाट बुजविली आणि तिच्या जागी दरवाजा बसविला. ऐंशीहून अधिक वर्षे होऊन गेल्यावरही मोहल्ल्यातील किती बायकांना हा दरवाजा ठाऊक आहे, असे विचारले तर उत्तर देणारा संकोचतो. तलाक पुरुष देतो आणि स्त्रीने तो मागायचा, ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की 'तुम्हीसुद्धा कोर्टातून फारकत घेऊ शकता' हे वाक्य सल्लाकेंद्रात पहिल्यांदा ऐकणारी बाई वकिलाकडे नव्हे, सोबत आलेल्या आईकडे पाहते.

महाराष्ट्राचा या कथेतील अध्याय 18 एप्रिल 1966 रोजी उघडतो. त्या दिवशी हमीद दलवाई यांच्या नेतृत्वाखाली सात मुसलमान स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या आणि तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी त्यांनी केली. सात ही संख्या त्या काळी हास्यास्पद ठरविण्यात आली. पण ज्या समाजात एका स्त्रीने रस्त्यावर उभे राहून बोलणे हेच बंड, तेथे सातांची मोजदाद निराळ्या मापाने करावी लागते. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या या कोकणी लेखकाने 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. 'सत्यशोधक' हा शब्द जोतीरावांच्या परंपरेतून घेतला, यातच त्यांची दिशा स्पष्ट होती. 1977 साली, पंचेचाळिसाव्या वर्षात, ते गेले. त्यांच्या मागे मेहरुन्निसा दलवाई आणि सय्यदभाई यांनी तलाकपीडित स्त्रियांच्या मदतीचे काम चालू ठेवले. शाहबानू प्रकरणानंतर तलाक मुक्ती मोर्चा निघाला तो याच परंपरेतून. आपल्या बहिणीला मिळालेला तलाक पाहून या कामात आलेले सय्यदभाई आयुष्याच्या अखेरीपर्यंत तेच काम करीत राहिले, आणि 'दगडावरची पेरणी' हे आपल्या पुस्तकाला त्यांनी दिलेले नाव त्या कामाचे वर्णन म्हणून पुरेसे आहे.

मुंबईत ऐंशीच्या दशकात शहनाज शेख यांनी स्वतःच्या अनुभवातून व्यक्तिगत कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि 'आवाज-ए-निस्वाँ' हे स्त्रियांचे मंडळ उभे केले. 1991 पासून फ्लेविया ॲग्नेस यांच्या 'मजलिस'ने न्यायालयातील प्रत्यक्ष वकिलीचा मार्ग धरला. या दोन पिढ्यांत एक मतभेद आहे, तो सौम्य शब्दांत झाकून टाकण्यासारखा नाही. दलवाईंचा रोख कायदा बदलण्यावर, समान नागरी कायद्यावर होता. ॲग्नेस यांचे म्हणणे असे की, हाती असलेल्या कायद्यांतून जे मिळवता येते ते मिळविण्याआधीच, मुसलमान स्त्रीला काहीच हक्क नाहीत असा डांगोरा पिटणे हे तिलाच महाग पडते. कारण ती ते ऐकते आणि त्यावर विश्वास ठेवते. दलवाईंच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही पोटगीच्या प्रकरणांचा पन्नास वर्षांचा वृत्तांत वाचल्यावर या दुसऱ्या म्हणण्याचे वजन अधिक भरते, असे मला वाटते.

तो वृत्तांत असा. 1898 च्या फौजदारी संहितेत पत्नीला पोटगी होती, पण घटस्फोटितेला नव्हती. म्हणजे मासिक पोटगीचा हुकूम झाला की नवऱ्याने तलाक देऊन तो हुकूम मातीत घालावा, अशी सोय होती. 1973 च्या संहितेने कलम 125 मध्ये 'पत्नी' या शब्दात घटस्फोटितेचा समावेश केला, पण कलम 127 मध्ये, व्यक्तिगत कायद्याप्रमाणे देय असलेली रक्कम दिलेली असेल तर हुकूम रद्द करता येईल, अशी फट ठेवली. 1979 साली मुंबईच्या एका प्रकरणात नवऱ्याने पाच हजार रुपये मेहर आणि एकशे ऐंशी रुपये इद्दतीचा, म्हणजे तलाकानंतर पुनर्विवाहापूर्वी थांबावयाच्या मुदतीचा, खर्च दाखवून याच फटीतून निसटण्याचा प्रयत्न केला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम पोटगीची जागा घेण्याइतकी नाही, असे ठरवून तो हाणून पाडला. त्या पार्श्वभूमीवर इंदूरच्या शाहबानूचे प्रकरण पाहिले पाहिजे. 1932 मध्ये विवाह, 1975 मध्ये घराबाहेर, 1978 मध्ये तलाक. दंडाधिकाऱ्याने ठरविलेली पोटगी महिना पंचवीस रुपये, उच्च न्यायालयाने वाढविलेली 179 रुपये 20 पैसे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने 23 एप्रिल 1985 रोजी दिलेल्या निकालाने देश ढवळून निघाला, तो या रकमेसाठी. नवरा वकील होता आणि त्याची प्राप्ती बरी होती. तेव्हा भांडण पैशाचे नव्हते, हे उघड आहे.

संसदेने 1986 साली केलेल्या कायद्याचा हेतू हा निकाल पुसून टाकण्याचा होता, असा सर्वांचा समज होता, आणि तो समज निराधार नव्हता. आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपद सोडले ते याच प्रश्नावर. पण कायद्याच्या भाषेची गंमत अशी की, ती लिहिणाऱ्याच्या मनाची बांधील राहत नाही. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात, नवऱ्याने घटस्फोटितेसाठी इद्दतीच्या काळाच्या आत 'वाजवी व न्याय्य तरतूद' आणि निर्वाह द्यावा, असे लिहिले होते. आपल्या मराठीत 'इद्दतीच्या आत' आणि 'इद्दतीपुरते' या दोन शब्दप्रयोगांत जे अंतर आहे, त्या अंतरावर हजारो स्त्रियांचे भविष्य उभे राहिले. तरतूद इद्दतीच्या आत करावयाची, पण ती किती काळासाठी, याविषयी कलम मौन बाळगते. तेव्हा ती आयुष्यभराची असू शकते. 1988 च्या आरंभी लखनौच्या एका महिला दंडाधिकाऱ्यांनी हा अर्थ लावून एका घटस्फोटितेस तरतूद, इद्दतीचा खर्च आणि मेहर मिळून 85,000 रुपये देवविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 साली तोच अर्थ उचलला, आणि 28 सप्टेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दानियल लतीफी प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. लतीफी हे शाहबानूचेच वकील. आपली हार म्हणून जो कायदा झाला, त्यालाच आव्हान देऊन त्यातून विजय काढून आणण्याचा योग फार थोड्या वकिलांच्या नशिबी येतो.

पुढील पायऱ्या थोडक्यात. मुलांच्या पोटगीला 1986 च्या कायद्याची आडकाठी नाही, हे 1997 मध्ये ठरले. पाचशे रुपयांची जुनी मर्यादा 2001 मध्ये गेली. घटस्फोटितेचा कलम 125 खालचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात इद्दतीनंतरही चालतो, हे 2009 मध्ये. आणि 10 जुलै 2024 रोजी न्यायमूर्ती नागरत्ना व मसीह यांच्या पीठाने, ते कलम घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही लागू आहे आणि 1986 चा कायदा त्याच्या जोडीला आहे, जागी नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. हे कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 म्हणून आले आहे. त्याच 2024 सालाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढलेले एक प्रकरण मात्र मला या सर्व मोठ्या निकालांहून बोधप्रद वाटते. नवरा परदेशी, तलाक रजिस्टर टपालाने. चिपळूणच्या दंडाधिकाऱ्याने 1986 च्या कायद्याखाली 4,32,000 रुपये ठरविले, खेडच्या सत्र न्यायालयाने ते 9,00,000 केले. मध्यंतरी तिने दुसरे लग्न केले म्हणून हक्क बुडाला, हा नवऱ्याचा युक्तिवाद उच्च न्यायालयाने अमान्य केला, कारण हक्क तलाकाच्या दिवशी निर्माण झाला होता आणि पुनर्विवाहाने तो नष्ट होतो असे कायद्यात कोठेच लिहिलेले नाही. दलवाईंच्या मिरजोळीपासून हाकेच्या अंतरावरील एका स्त्रीने, ज्या कायद्याविरुद्ध मोर्चे निघाले त्याच कायद्याचा आधार घेऊन, तालुक्याच्या कचेरीत हे साधले. दलवाईंना हे पाहून काय वाटले असते, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

तलाकाचा भाग लवकर आटोपता येईल, कारण त्यावर शाई पुष्कळ सांडली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने 2002 मध्ये आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, तलाक दिला एवढे नवऱ्याने कैफियतीत लिहून भागत नाही, सबळ कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न झाल्याचे शाबीत करावे लागते, असे ठरविले. म्हणजे 22 ऑगस्ट 2017 रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातील तिहेरी तलाक रद्द झाला, त्याच्या पंधरा वर्षे आधीच असा तलाक न्यायालयात टिकणे कठीण झाले होते. हे मोहल्ल्यात कोणी सांगितले नव्हते, इतकेच. काशीपूरच्या शायरा बानो यांच्यासह ज्यांनी तो लढा दिला त्यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने दहा राज्यांतील 4,710 स्त्रियांशी बोलून 2015 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 92.1 टक्के स्त्रियांनी तोंडी एकतर्फी तलाक बंद व्हावा असे सांगितले होते, ते प्रमाणच बोलके आहे. मात्र 2019 च्या कायद्याने या तलाकाला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा केले, त्याविषयी माझे मन साशंक आहे. तलाक निरर्थक ठरला तर विवाह टिकून आहे. टिकलेल्या विवाहातील कमावत्याला तुरुंगात धाडल्यावर पोटगी कोणी द्यावयाची, याचे उत्तर कायद्यात 'निर्वाहभत्ता' या एका शब्दावर सोपविले आहे. शिवाय जो नवरा हुशार आहे तो आता तीनदा काय, एकदाही तलाक शब्द उच्चारीत नाही. तो नुसता निघून जातो. मराठीत अशा स्त्रीसाठी 'परित्यक्ता' हा शब्द आहे, आणि तो सर्व धर्मांच्या बायकांना सारखाच लागू आहे. अशा बाईला 1939 चा कायदा, पोटगीचे कलम आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा हे तिन्ही उपलब्ध आहेत. यांपैकी शेवटचा तिला सासरच्या घरात राहण्याचा हुकूम मिळवून देऊ शकतो, आणि तो जातधर्म न पाहता सर्वांना आहे.

आता मूळ कागदाकडे, म्हणजे निकाहनाम्याकडे वळू. हिंदू विवाह हा संस्कार आणि मुसलमानी विवाह हा करार, हे वाक्य शाळकरी मुलेही पाठ म्हणतात. पण करार म्हटला की त्याच्या अटी आल्या, प्रती आल्या, सह्या आल्या, आणि त्या अटी कोणी वाचून दाखविल्या हा प्रश्न आला. वधूच्या वतीने वकील म्हणून मामा किंवा चुलता होकार आणतो, पडद्याआडून 'कबूल' येते, काझी रजिस्टरात नोंद करतो, आणि निकाहनाम्याची प्रत बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या पेटीत जाते. पुढे दहा वर्षांनी ती कचेरीत येते तेव्हा पहिला प्रश्न येतो, 'निकाहनामा आहे का?' आणि त्याला उत्तर नसते. विवाहाची सरकारी नोंदणी झालेली असेल तर निभावते. नाहीतर काझीच्या रजिस्टराच्या नकलेसाठी खेटे घालावे लागतात, आणि काझी तोवर वारलेला असतो किंवा गाव सोडून गेलेला असतो.

मेहरचेही तसेच. मेहर म्हणजे वधूची किंमत, असा अपसमज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः ते नवऱ्यावरचे, पत्नीला देय असलेले कर्ज आहे. मुअज्जल म्हणजे मागताक्षणी द्यावयाचे आणि मुवज्जल म्हणजे तलाक किंवा मृत्यूच्या वेळी द्यावयाचे. या दोन शब्दांतील भेद कानाला इतका अल्प आहे की, लिहिणाऱ्याच्या हातून एक अक्षर चुकले तरी कर्जाची मुदत पालटते. मेहर न फेडता नवरा वारला आणि विधवेच्या हाती त्याची मिळकत असली, तर फेड होईपर्यंत ती ताबा ठेवू शकते, हे प्रिव्ही कौन्सिलने 1924 साली मान्य केले आहे. कायदा असा भक्कम; आणि रूढी अशी की, पहिल्याच रात्री किंवा, त्याहून करुण, जनाजा उठण्यापूर्वी चार बायका विधवेला पुढे करून 'मेहर माफ किया बोल' म्हणून सांगतात. त्या घटकेला 'नाही' म्हणण्याचे बळ कोणाच्या अंगी असेल? आणि रक्कमही पुष्कळदा 786 सारखी शुभ म्हणून ठरविलेली, जिच्यात आज एका आठवड्याचा बाजारही येत नाही.

या कराराचा सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे तफवीज. नवऱ्याने आपला तलाकाचा अधिकार अमुक परिस्थितीत पत्नीला सोपविला आहे, अशी अट निकाहनाम्यात घालता येते, आणि ती शास्त्रसंमत आहे. नवऱ्याने दुसरे लग्न केले, इतके महिने खर्च पाठविला नाही, मारहाण केली, तर पत्नी स्वतःला मुक्त करील, असे एक वाक्य लिहिले तर न्यायालयातील कित्येक वर्षांची पायपीट वाचेल. अखिल भारतीय महिला परिषदेच्या शरीफा हमीद अली यांनी स्वातंत्र्यापूर्वीच नमुन्याचा निकाहनामा मांडला होता. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2005 मध्ये भोपाळ येथे आपला नमुना जाहीर केला, 2008 मध्ये लखनौच्या शाइस्ता अंबर यांच्या स्त्री-मंडळाने आपला, आणि मुस्लिम महिला आंदोलनानेही आपला वेगळा. कागदाचे नमुने इतके, पण अट घालण्याचा प्रसंग आला की वरपक्षाचे तोंड पडते आणि वधूचाच बाप म्हणतो, 'शुभ कार्यात तुटण्याची भाषा कशाला?' आसफ अली असगर फैजी, जे माथेरानला जन्मले आणि मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते, त्यांनी 1949 च्या आपल्या ग्रंथात हे सर्व निवळशंख भाषेत सांगून ठेवले आहे. आणि दिनशा मुल्ला या पारशी विधिज्ञाचा ग्रंथ तर आजही प्रत्येक तालुक्याच्या वकिलाच्या टेबलावर असतो. ज्ञान कोठे कमी नव्हते. ते वधूपर्यंत पोहोचविणाऱ्या माणसांचीच वाण होती.

खुला, म्हणजे स्त्रीने मागितलेली फारकत, हा मार्गही स्त्रीच्या कानावर 'नवरा मान्य करील तर' अशा अटीसह येतो. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये, न्यायालयाबाहेरील फारकतीचे स्त्रीचे जुने मार्ग अद्याप जिवंत आहेत, असे ठरवून आपलाच 1972 चा निकाल बाजूला सारला. दारुल कझाकडे, म्हणजे शरियतप्रमाणे तंटे मिटविणाऱ्या पंचायतीकडे, जाणाऱ्या बाईला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. तेथील निर्णय सल्ल्याच्या स्वरूपाचा आहे, तो बंधनकारक नाही आणि फतव्याला कायद्याचे बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. तरी तेथे जाणे गैर आहे असे मी म्हणणार नाही. पुष्कळ भांडणे तेथे स्वस्तात मिटतात. पण हक्क सोडून मिटणे आणि हक्क घेऊन मिटणे, यांतला भेद तिला आधी समजला पाहिजे.

वारशाचा प्रश्न सर्वांत शांत, आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. तलाक मिळालेली बाई निदान रडते. वाटा गेलेली बहीण हसतमुखाने हक्कसोडपत्रावर अंगठा उठविते. शरियतप्रमाणे मुले असल्यास विधवेचा आठवा हिस्सा, नसल्यास चौथा. मुलीला मुलाच्या निम्मे. एकुलत्या मुलीला, भाऊ नसल्यास, अर्धा. आणि मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक मिळकत दुसरीकडे वळविता येत नाही, त्यामुळे बापाला मनात आले तरी मृत्युपत्राने मुलीला पूर्णपणे डावलता येत नाही. हे निम्मे अन्याय्य आहे, असा वाद करावयास जागा आहे आणि तो करावाही. पण निम्मेसुद्धा तलाठ्याच्या दप्तरात उतरत नाही, याची खंत आधी करावी लागते. बापाच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारसनोंद करताना भावांची नावे चढतात, बहिणींची राहून जातात. फेरफाराची नोटीस माहेरच्या पत्त्यावर येते आणि तेथेच विरते. मग वीस वर्षांनी जमिनीला भाव आला की बहिणीला आठवण होते आणि भावाला राग येतो. या बाबतीत मोहल्ल्यातील मुसलमान बहीण आणि शेजारच्या आळीतील मराठा किंवा माळी बहीण यांच्यात फरक शोधून सापडत नाही.

गोव्याचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले पाहिजे, कारण आपल्या शेजारीच ते आहे. 1937 चा शरियत कायदा गोव्याला लागू झाला नाही. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला कायदा तेथील मुसलमानांनाही लागू आहे, आणि लग्नाआधी दुसरा करार केला नसल्यास नवराबायकोची मिळकत सामायिक होऊन निम्म्यावर तिचा हक्क असतो. वारसांना निम्मी मिळकत राखून ठेवावीच लागते. सावंतवाडीची बहीण आणि पणजीची बहीण यांचे लग्न एकाच काझीने लावले तरी त्यांची संपत्तीची गणिते निराळी. तेथील स्त्रीचे प्रश्न त्यामुळे संपले असे नाही. कारण तिची नोंदणी विवाहाधिकाऱ्याकडे दोनदा हजर राहून सह्या केल्याशिवाय पुरी होत नाही, आणि एक सही राहून गेली की पुन्हा तिचे दप्तर अपुरेच.

मदत करणाऱ्या संस्थांचा विचार करताना दक्षिणेचा दाखला दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईच्या दाऊद शरीफा खानम यांनी स्त्रियांची स्वतंत्र जमात उभी केली. जमातीच्या पुरुष पंचांपुढे बाईला बोलू देत नाहीत, तर बायकांनी आपली पंचायत भरवावी, हा साधा आणि स्फोटक विचार त्यामागे होता. मुंबईत मुस्लिम महिला आंदोलनाने 2013 पासून 'औरत शरियत अदालत' चालविल्या आणि पुढे स्त्री-काझींना प्रशिक्षण दिले. या अदालतींचा हुकूम बजावणारा पोलीस नाही, पण तेथे बोलावलेला नवरा पुष्कळदा येतो. कारण आपल्याच कुराणाचा हवाला देणाऱ्या बाईला 'तुला काय कळते' असे म्हणणे त्याला जड जाते. जळगावात 1982 साली जमातीने मुसलमान स्त्रियांना सिनेमा पाहण्यास बंदी केली तेव्हा रझिया पटेल उभ्या राहिल्या, त्याचा पोटगीशी संबंध नाही असे कोणी म्हणेल. मला तर तो अगदी निकटचा वाटतो, कारण जिला तिकीटघराकडे जाण्यास बंदी, तिने कोर्टाकडे जावे ही अपेक्षाच हास्यास्पद.

सरकारी यंत्रणेकडेही साधने आहेत. 1987 च्या विधी सेवा कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. उत्पन्नाचा दाखला आणण्यासाठी तिला तहसीलदाराच्या कचेरीत पाठविणे हा त्या कायद्याचा भंग आहे, हे तेथील कारकुनाला कोणीतरी दाखवून द्यावे लागते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे नियम घालून दिले. ते प्रकरण मुसलमानांचे नव्हते, पण नियम सर्वांचे आहेत. भाषेची अडचण निराळीच. मराठवाड्यातील बाई घरात दखनी बोलते. तिच्या बोलीत 'खर्चा' किंवा 'नान-नफका', अर्जात 'पोटगी' नाहीतर 'खावटी', आणि उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत. एकाच भाकरीला तीन नावे, आणि तिच्या हाती त्यातले एकच.

हुकूम झाल्यावर खरी तपश्चर्या सुरू होते, आणि शिबिरे घेणारे उत्साही कार्यकर्ते बहुधा येथे येईपर्यंत थकलेले असतात. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो. दरमहा थकबाकीसाठी महिन्याची कैद होऊ शकते. नवरा जिल्हा सोडून गेला तरी तो जेथे असेल तेथील दंडाधिकारी तो हुकूम बजावू शकतो. पोटगीचे कलम ज्या संहितेत आहे तिच्यातच एक छोटे कलम आहे, ज्याच्याकडे वकीलही फारसे पाहत नाहीत: पोटगीच्या हुकमाची नक्कल, जिच्या बाजूने हुकूम झाला तिला, एक पैसाही न घेता द्यावी. ती नक्कल मागून घ्यावी लागते. मागितल्यावर 'उद्या या' असे उत्तर येते. उद्या गेल्यावर सही राहिलेली असते. तिसऱ्या दिवशी मिळालेला तो कागद बाई चार घड्या करून, दुधाच्या धुतलेल्या प्लास्टिक पिशवीत घालून, पदराच्या आत खोचते, आणि बसच्या रांगेत उभी असता एकदा हात लावून तो जागेवर आहे ना, हे पाहते.